जहाज कुणाचं, खलाशी कुणाचे?

प्रश्न : बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, एवढं शाळेत शिकलो होतो. परवा एका पुस्तकात वाचलं की, त्यामागे इंग्लंडचे ‘नौकानयन कायदे’ होते. हे कायदे नेमके काय होते? ते कुणाविरुद्ध केले होते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चहाचा प्रसंग १७७३ सालचा. त्याआधी जवळजवळ सव्वाशे वर्षं इंग्लंडची संसद एक गोष्ट कायद्याने ठरवत आली होती : साम्राज्यातला माल कुणाच्या जहाजातून जाईल, त्या जहाजावर खलाशी कोण असतील आणि ते आधी कुठल्या बंदराला लागेल. या कायद्यांची मालिका म्हणजेच नौकानयन कायदे.

सुरुवातीला त्यांचा रोख वसाहतींवर नव्हता, तो डच व्यापाऱ्यांवर होता. सतराव्या शतकाच्या मध्याला युरोपातला निम्मा-अधिक माल वाहून नेणारे दर्यावर्दी कुणी असतील, तर ते हॉलंडचे. त्यांचं ‘फ्लाउट’ नावाचं जहाज पोटाला रुंद आणि बांधायला स्वस्त होतं. तोफांचं ओझं कमी, शिडं-दोऱ्यांची रचना सोपी, त्यामुळे तेवढाच माल न्यायला इंग्रज जहाजापेक्षा खलाशी कमी लागत. साहजिकच डचांचं भाडं कमी असे. इंग्लंडमध्ये यादवी युद्ध चाललं होतं, तेव्हा व्हर्जिनियाची तंबाखू आणि बार्बाडोसची साखर सर्रास डच गलबतांतून थेट ॲम्स्टरडॅमला जाऊ लागली. वसाहती इंग्रजांच्या, पण भाडं, दलाली आणि बाजार डचांचा, असं झालं.

राजाचा शिरच्छेद करून सत्तेवर आलेल्या संसदेने ऑक्टोबर १६५१ मध्ये यावर पहिला मोठा कायदा केला. आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेचा माल इंग्लंडमध्ये किंवा इंग्रज वसाहतींत आणायचा, तर तो इंग्रजांच्या मालकीच्या आणि बहुसंख्य इंग्रज खलाशी असलेल्या जहाजातूनच आणायचा. युरोपचा माल एक तर इंग्रज जहाजातून यावा, नाही तर ज्या देशात तो पिकला किंवा बनला त्याच देशाच्या जहाजातून. डचांचा सगळा धंदा दुसऱ्यांचा माल तिसऱ्याकडे पोचवण्याचा होता. तोच या एका कलमाने बेकायदा ठरला. पुढच्याच वर्षी दोन्ही देशांत युद्ध जुंपलं.

१६६० मध्ये राजेशाही परत आली. प्रजासत्ताकाच्या काळातले कायदे रद्द मानले गेले, पण हा विचार मात्र नव्या राजाच्या संसदेने उचलला आणि अधिक कडक केला. आता कप्तान इंग्रज हवा आणि खलाशांपैकी तीन चतुर्थांश इंग्रज हवेत. यामागे व्यापाराइतकाच आरमाराचा हिशेब होता. व्यापारी जहाजांवर तयार झालेला खलाशी युद्धाच्या वेळी जबरीने आरमारात भरती करता येत असे. म्हणून जहाजावरच्या माणसांची मोजदाद संसदेला मालाइतकीच महत्त्वाची वाटत होती. ही मोजदाद लक्षात ठेवा. या कायद्यांत ‘आपला माणूस’ कोण आणि परका कोण, हाच प्रश्न शेवटपर्यंत सगळ्यात मोठा राहिला.

प्रश्न : व्हर्जिनियात तंबाखू पिकवणाऱ्याला या कायद्यामुळे प्रत्यक्षात काय करावं लागे?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : निपाणीहून तंबाखूबद्दल विचारणा व्हावी, हे योग्यच आहे. एका पिंपाचा प्रवास पाहू.

व्हर्जिनिया आणि मेरीलँडचे मळे चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी होते. समुद्रावरची जहाजं भरतीबरोबर या नद्यांत आत शिरत. तंबाखू वाळवून, दाबून ‘हॉग्जहेड’ नावाच्या लाकडी पिंपात भरत. अठराव्या शतकात असं एक पिंप सुमारे हजार पौंडांचं, म्हणजे साडेचारशे किलोंच्या घरातलं असे. ते आडवं करून गडगडवत धक्क्यापर्यंत नेत आणि जहाजात चढवत. शतकाच्या सुरुवातीपासून हे काम बहुतांशी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या हातून होत होतं.

१६६० च्या कायद्यात काही पदार्थांची यादी होती : साखर, तंबाखू, कापूस, नीळ, आलं आणि रंगाची लाकडं. यादीतला माल फक्त इंग्लंडला किंवा दुसऱ्या इंग्रज वसाहतीलाच नेता येत असे. त्यासाठी जहाजाला जामीनखत लिहून द्यावं लागे. शंभर टनांच्या आतलं जहाज असेल तर एक हजार पौंडांचं, त्याहून मोठं असेल तर दोन हजारांचं. माल इंग्लंडमध्ये उतरवल्याचा दाखला आला की जामीन मोकळा होई. कुणी चोरून परदेशी बंदर गाठलं आणि सापडलं, तर जहाज मालासकट जप्त. जप्तीचे तीन वाटे होत : एक राजाला, एक गव्हर्नरला आणि एक पकडून देणाऱ्याला. खबर देण्यातही कमाई असावी, अशी ती व्यवस्था होती.

लंडनला पिंप उतरलं की जकात. १६८५ मध्ये जेम्स दुसरा गादीवर येताच तंबाखूच्या दर पौंडावर तीन पेन्स वाढीव कर लागला. मळेवाल्याला त्या काळात दर पौंडामागे अनेकदा पेनीच्या आसपासच भाव मिळत होता. म्हणजे पिकवणाऱ्याच्या हाती पडे, त्याच्या कितीतरी पट सरकारच्या खजिन्यात जाई. मग त्यातला मोठा हिस्सा लंडनचा व्यापारी पुन्हा जहाजात भरून हॉलंडला, जर्मनीला, फ्रान्सला पाठवी. फेरनिर्यातीच्या मालावर भरलेल्या जकातीचा बहुतेक भाग परत मिळे. पण चढवण्या-उतरवण्याचं, गोदामाचं, विम्याचं, दलालीचं आणि दुसऱ्या भाड्याचं ओझं त्या पिंपावर चढलेलं असेच. ते ओझं शेवटी मळेवाल्याच्या भावातून वजा होई.

आपल्याकडे शेतकऱ्याने आपला माल बाजार समितीच्या आवारातच आणावा, थेट गिऱ्हाइकाला विकू नये, असा दंडक वर्षानुवर्षं होता. हा प्रकार त्याच जातीचा, फक्त इथे बाजाराचं आवार अटलांटिक महासागराच्या पलीकडे होतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. याच काळात संसदेने खुद्द इंग्लंडमध्ये तंबाखू लावायला बंदी घातली. ग्लॉस्टरशरमधल्या विंचकूम परिसरातल्या शेतकऱ्यांची उभी पिकं सैनिक पाठवून उपटून टाकली. इंग्रज गिऱ्हाइकाने वसाहतीचीच तंबाखू ओढावी, अशी हमी मळेवाल्याला त्यातून मिळाली. बांधून घेतलं होतं ते दोघांना. दोरीची दोन्ही टोकं मात्र लंडनच्या हातात होती.

प्रश्न : वसाहतींतून जाणाऱ्या मालाचं कळलं. तिथे येणाऱ्या मालाचं काय? आणि त्यांना स्वतःचे कारखाने काढता येत होते का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : येणाऱ्या मालासाठी १६६३ मध्ये वेगळा कायदा झाला. फ्रान्सचं रेशीम असो की जर्मनीचं लिनन, युरोपातला माल आधी इंग्लंडच्या बंदरात उतरला पाहिजे, तिथे जकात भरली पाहिजे आणि मगच तो वसाहतीत जाईल. अपवाद थोडे होते : मासे खारवण्यासाठी लागणारं मीठ, मदेरा आणि अझोर्स बेटांची वाइन, स्कॉटलंड-आयर्लंडहून जाणारे नोकर, घोडे आणि अन्नधान्य.

व्यापाऱ्यांनी लगेच पळवाट शोधली. यादीतला माल एका वसाहतीतून दुसरीत न्यायला मोकळीक होती. तेव्हा बोस्टनचं जहाज व्हर्जिनियाहून तंबाखू घेऊन घरी येई आणि तिथून गुपचूप हॉलंडकडे जाई. ही वाट बंद करायला १६७३ मध्ये वसाहती-वसाहतींमधल्या अशा वाहतुकीवर जकात बसवली. तंबाखूला पौंडामागे एक पेनी. ती गोळा करायला लंडनचे जकात अधिकारी अमेरिकेत जाऊन बसले. मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी मात्र हे कायदे आपल्याला लागू होतात हेच मनापासून मानलं नाही. १६७६ मध्ये बोस्टनला आलेल्या एडवर्ड रँडॉल्फ या अधिकाऱ्याने त्यांच्या उल्लंघनांच्या तक्रारी लंडनला पाठवण्याचा सपाटा लावला. १६८४ मध्ये त्या वसाहतीची सनदच रद्द झाली. त्यामागच्या आरोपांत नौकानयन कायदे मोडल्याचा आरोप ठळक होता. १६९६ च्या कायद्याने जकात अधिकाऱ्यांना झडतीचे अधिकार दिले आणि पुढे वसाहतींत सागरी न्यायालयं उभी राहिली. तिथे ज्युरी नसे.

कारखान्यांचं म्हणाल, तर १६९९ मध्ये लोकरीच्या मालावर बंधन आलं. एका वसाहतीतलं लोकरी कापड दुसऱ्या वसाहतीत विकायला न्यायचं नाही. १७३२ मध्ये टोप्यांची पाळी आली. उत्तर अमेरिकेत बीव्हरची फर मुबलक, त्यामुळे तिथे टोप्या स्वस्तात बनत. त्या वसाहतीबाहेर पाठवायला बंदी झाली आणि टोपीवाल्याने दोनपेक्षा अधिक उमेदवार ठेवू नयेत, असाही नियम आला. १७५० मध्ये लोखंड : कच्चं लोखंड इंग्लंडला पाठवा, त्यावर जकात नाही, पण लोखंड कापण्याच्या, पत्रे ठोकण्याच्या आणि पोलाद करण्याच्या नव्या भट्ट्या उभारायच्या नाहीत.

या बंद्या सगळीकडे सारख्या पाळल्या गेल्या नाहीत, लोखंडाचा कायदा तर अनेकांनी धाब्यावर बसवला. तरी त्यामागचा विचार स्वच्छ दिसतो. कच्चा माल इकडे यावा, पक्का माल तिकडे जावा आणि दोन्ही वेळचा नफा इकडे राहावा. दादाभाई नौरोजींनी आणि लोकमान्यांच्या पिढीने हिंदुस्थानच्या संदर्भात जे दुखणं मांडलं, त्याची रीत इंग्लंडने बरीच आधी अटलांटिकच्या किनाऱ्यांवर घोटून घेतली होती.

प्रश्न : एवढं सगळं होतं, तर अमेरिकन वसाहतींनी शंभर वर्षं ते मुकाट्याने सहन का केलं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण कायद्याच्या नजरेत ते ‘इंग्रज’ होते. ही गोष्ट अनेक पुस्तकांत राहून जाते.

कायदा इंग्रज जहाजं म्हणे, तेव्हा त्यात बोस्टन, सेलम, न्यूपोर्टला बांधलेली जहाजंही येत आणि वसाहतींतले गोरे खलाशी तीन चतुर्थांशांत इंग्रज म्हणूनच मोजले जात. डच स्पर्धक कायद्याने बाहेर ठेवलेला. न्यू इंग्लंडमध्ये ओक आणि पाइनची जंगलं किनाऱ्यापर्यंत आलेली. जहाजबांधणीचा धंदा तिथे असा वाढला की स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी ताफ्यातलं सुमारे एक तृतीयांश टनेज अमेरिकेत बांधलेलं होतं. नीळ आणि डांबर-राळेसारख्या जहाजी मालाला संसद रोख प्रोत्साहन देत होती. मासे आणि धान्य यादीत नव्हतं, ते थेट स्पेन-पोर्तुगालला जाई. कॅरोलायनाच्या तांदळाला १७३० मध्ये दक्षिण युरोपात थेट जायची परवानगी मिळाली. आणि वाटेत चाच्यांपासून राखण करायला ब्रिटिश आरमार होतं.

रॉबर्ट पॉल थॉमस या अर्थ-इतिहासकाराने १९६५ मध्ये या नफ्या-तोट्याचा हिशेब मांडला. त्याच्या मते क्रांतीच्या आधीच्या दशकात या कायद्यांचा निव्वळ भार वसाहतींच्या दरडोई उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी होता. आकड्यांवर नंतर बराच वाद झाला, तरी भार सगळ्यांवर सारखा नव्हता हे सर्वांना मान्य आहे : तंबाखूवाल्या दक्षिणेला चटका जास्त बसत होता, तर जहाजवाल्या उत्तरेला फायदाही होत होता.

आणि जिथे कायदा खरोखर जाचक होता, तिथे तो पाळलाच जात नव्हता. काकवीचं उदाहरण घ्या. न्यू इंग्लंडमध्ये काकवीपासून रम गाळण्याचा मोठा धंदा होता. फ्रेंच बेटांवरची काकवी स्वस्त पडे. इंग्रज बेटांवरच्या साखरमालकांचं संसदेत वजन होतं. त्यांनी १७३३ मध्ये परदेशी काकवीवर गॅलनमागे सहा पेन्स जकात बसवून घेतली. तेवढी भरली असती तर रमचा धंदा बुडालाच असता. म्हणून ती कुणी भरत नव्हतं. जकात अधिकाऱ्याच्या हातावर थोडंफार ठेवलं की फ्रेंच काकवी इंग्रज म्हणून नोंदली जाई. तीस वर्षं असं निर्धास्त चाललं.

पण ‘सहन केलं’ म्हणताना कुणी, हेही विचारलं पाहिजे. साखरेच्या आणि तंबाखूच्या मळ्यात राबणारा गुलाम या कायद्यात माणूस म्हणून मोजलाच नव्हता, तो माल होता. त्याला विकत घ्यायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जे कापड चाले, त्यात सुरतेहून आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून आलेलं हिंदी सुती कापडही होतं. १७०१ पासून असं रंगीत, छापील कापड इंग्लंडमध्ये वापरायला बंदी होती. फेरनिर्यातीला मात्र मुभा होती. आपल्या विणकरांच्या हातचं कापड लंडनच्या गोदामातून या भयंकर व्यापारात जात होतं, हे आपण माहीत करून घ्यायला हवं.

प्रश्न : मग नेमकं बिनसलं कशावरून?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मालाची वाट ठरवणारा कायदा पैसा उकळणारा झाला, त्यावरून.

१७६३ मध्ये सात वर्षांचं युद्ध संपलं. ब्रिटन जिंकलं होतं, पण डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. तेव्हा संसदेने इतकी वर्षं ढिली सोडलेली पकड घट्ट केली. १७६४ मध्ये काकवीची जकात सहावरून तीन पेन्सवर आणली, म्हणजे निम्म्याने कमी केली; पण या वेळी ती खरोखर वसूल करायची, असं ठरवून. आरमाराची जहाजं शांततेच्या काळातही तस्करी पकडू लागली. हॅलिफॅक्सला नवं सागरी न्यायालय बसलं. बोस्टनच्या व्यापाऱ्याचं जहाज पकडलं, तर खटला शेकडो मैलांवर, ज्युरीशिवाय चालू शकत होता. तोंडओळखीच्या शेजाऱ्यांच्या ज्युरीने सोडून द्यावं, ही सोय त्यात नव्हती.

त्याआधीच, फेब्रुवारी १७६१ मध्ये, बोस्टनच्या न्यायालयात एक गाजलेला युक्तिवाद झाला होता. जकात अधिकाऱ्यांना कुठल्याही घरात, गोदामात घुसून झडती घेण्याचे सर्वसाधारण परवाने हवे होते. कुणावर संशय आहे, काय शोधायचं आहे, हे त्यात लिहावं लागत नसे. जेम्स ओटिस हा वकील सरकारी पद सोडून त्या परवान्यांविरुद्ध उभा राहिला. तो खटला हरला, पण ऐकायला बसलेल्यांत तरुण जॉन ॲडम्स होता. पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झालेल्या ॲडम्सने म्हातारपणी स्वातंत्र्याच्या चळवळीचा जन्म त्या दिवसाशी जोडला.

मग १७६८ मधलं ‘लिबर्टी’ प्रकरण. जॉन हॅनकॉक हा बोस्टनचा धनाढ्य व्यापारी. त्याचं ‘लिबर्टी’ हे जहाज मे महिन्यात मदेराची वाइन घेऊन आलं. मदेराची वाइन थेट आणायला १६६३ पासून मोकळीक होती हे वर आलंच आहे. पण १७६४ मध्ये तिच्यावर जकात बसली होती. कागदावर पंचवीस पिंपं दाखवली होती. अधिकाऱ्यांना संशय की, त्याहून कितीतरी अधिक रातोरात उतरवली. १० जूनला ते जहाज जप्त करून आरमाराच्या ‘रॉम्नी’ या युद्धनौकेच्या तोफांखाली ओढत नेलं. धक्क्यावर जमाव उसळला. जकात अधिकाऱ्यांना मार बसला आणि त्यांच्यातल्या एकाची होडी ओढत नेऊन जाळली. अधिकारी जीव वाचवायला किल्ल्यात जाऊन राहिले आणि शरद ऋतूत ब्रिटिश पलटणी बोस्टनला उतरल्या. हॅनकॉकवरचा खटला पुढे सोडून द्यावा लागला. ‘लिबर्टी’ला सरकारने जकातीच्या गस्तीला जुंपलं. पुढच्या वर्षी न्यूपोर्टच्या लोकांनी तिलाच आग लावली.

चहाचा प्रसंग याच साखळीतला आहे. तो चहा चीनचा. ईस्ट इंडिया कंपनी तो लंडनला आणून लिलावात विकत असे. १७७३ च्या कायद्याने कंपनीला तो आपल्या निवडक आडत्यांमार्फत वसाहतींत थेट विकायची सवलत मिळाली. चहा स्वस्त होणार होता. पण १७६७ पासून असलेला पौंडामागे तीन पेन्सचा कर कायम होता आणि स्थानिक व्यापारी बाजूला पडत होता. १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

१७७४ मध्ये वसाहतींच्या पहिल्या काँग्रेसने जो ठराव केला, तो या सगळ्याचं मर्म सांगतो. व्यापाराला वळण लावणारे संसदेचे प्रामाणिक नियम आम्ही खुशीने मानू, असं त्यात म्हटलं होतं. आमच्या संमतीवाचून महसूल गोळा करणारा कर मात्र मानणार नाही. ज्या माणसांना शंभर वर्षं ‘तुम्ही इंग्रजच’ असं कायदा सांगत आला, त्यांना इंग्रजाचा ज्युरीचा हक्क आणि संमतीचा हक्क नाकारला गेला. त्या अपमानाने ते पेटले.

प्रश्न : स्कॉटलंड आणि आयर्लंड तर इंग्लंडच्या शेजारचे, राजाही एकच. त्यांना हे कायदे लागू होते का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ‘आपलं कोण’ या मोजणीची मनमानी इथेच उघडी पडते. १७०७ पर्यंत स्कॉटलंडचा राजा तोच असूनही कायद्याने स्कॉटिश व्यापारी परका होता. वसाहतींचा व्यापार त्याला बंद. १६९८ ते १७०० दरम्यान स्कॉटलंडने पनामाच्या भूशिरावर डेरियन येथे स्वतःची वसाहत वसवायचा प्रयत्न केला. त्यात देशाची मोठी पुंजी आणि शेकडो माणसं गेली. १७०७ मध्ये दोन्ही संसदा एक झाल्या, तेव्हा व्यापाराची मोकळीक हे स्कॉटलंडच्या बाजूचं मोठं आकर्षण होतं. एका करारावर सही झाली आणि कालचे परके आजचे आपले झाले. ग्लासगोच्या व्यापाऱ्यांनी तंबाखूत असा जम बसवला की, अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते लंडनला मागे टाकू लागले. आजही त्या शहरात व्हर्जिनिया आणि जमैका नावाचे रस्ते आहेत.

आयर्लंड त्याच्या उलट वाटेने गेलं. १६६० मध्ये आयरिश खलाशी आणि जहाजं बऱ्याच अंशी ‘आपली’ होती. १६६३ मध्ये वसाहतींना थेट माल पाठवायची मोकळीक आकसली. १६७१ मध्ये वसाहतींची साखर-तंबाखू थेट आयरिश बंदरात उतरवायला मनाई झाली आणि १६९९ मध्ये लोकरी मालाची परदेशी निर्यात बंद पडली. अमेरिकेचं युद्ध चालू असताना १७७९ मध्ये आयरिश स्वयंसेवकांनी तोफा घेऊन डब्लिनमध्ये मोकळ्या व्यापाराची मागणी केली, तेव्हा कुठे लंडनने हात सैल केला.

आणि खुद्द अमेरिका? १७८३ मध्ये स्वतंत्र होताच तिची जहाजं परकी ठरली. कॅरिबियन बेटांच्या व्यापारातून त्यांना बाहेर काढलं. बेटांवरचे मळे अमेरिकेच्या धान्यावर आणि खारवलेल्या माशांवर चालत होते. त्यात वादळांचे तडाखे बसले. १७८० ते १७८७ या काळात उपासमारीने आणि तिच्यापाठच्या आजारांनी १५,००० गुलाम मेल्याचा अंदाज खुद्द जमैकाच्या विधिमंडळाच्या समितीने दिला. लंडनमधला एक कागदी नियम कुठे जाऊन माणसं मारतो, याचा हा पुरावा आहे.

प्रश्न : या कायद्यांचा मुंबईशी काही संबंध आला का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : आला, आणि तो आपल्याला बोचणारा आहे.

कंपनीने १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडियांना मुंबईला आणलं. त्यांच्या घराण्याने पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. सागवान खाऱ्या पाण्यात टिकतं, ओकपेक्षा कितीतरी अधिक वर्षं. ब्रिटिश आरमारानेही इथून युद्धनौका बांधून घेतल्या. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाहायला मिळते. १८४२ मध्ये चीनशी नानकिंगचा तह झाला, तो मुंबईतच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर.

अशी जहाजं व्यापारी माल घेऊन लंडनला जाऊ लागली, तेव्हा टेम्सकाठच्या जहाजबांधणाऱ्यांनी ओरड केली. त्यातून नियम येत गेले. हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजाला अटींसह ब्रिटिश म्हणून नोंद मिळू लागली. पण त्यावरच्या खलाशाचं काय? १८२३ च्या कायद्याने ते स्पष्ट करून टाकलं : लास्कर, म्हणजे हिंदी आणि आशियाई खलाशी, राजाच्या किंवा कंपनीच्या मुलखात जन्मलेला असला तरीही ब्रिटिश खलाशी मानला जाणार नाही.

तुमच्या अलिबागपासून रत्नागिरीपर्यंतच्या खाड्यांकाठच्या गावांतून पिढ्यान् पिढ्या माणसं जहाजांवर गेली. त्यांच्यातले तांडेल आणि सारंग आपापल्या टोळ्या सांभाळत. बोस्टनमध्ये जन्मलेला गोरा खलाशी १७७० मध्ये तीन चतुर्थांशांत मोजला जात होता. मुंबईच्या गोदीतल्या जहाजावर मुंबईहून चढलेला कोकणी खलाशी मात्र त्याच मोजणीत शून्य होता. लाकूड ब्रिटिश ठरू शकत होतं, माणूस नाही. वाडियांच्या कारागिरीचा आपण अभिमान बाळगतो, तो रास्तच आहे. पण या खलाशांवरचा अन्यायही त्या अभिमानाबरोबर शिकवला गेला पाहिजे, असं मला आग्रहाने म्हणायचं आहे.

प्रश्न : हे कायदे केव्हा संपले? आज असं काही उरलं आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : १८२० च्या दशकात त्यांना बरीच भोकं पाडली गेली. आयर्लंडच्या दुष्काळात धान्य आणायला परदेशी जहाजं हवी होती, म्हणून १८४७ मध्ये ते काही काळ स्थगित करावे लागले. १८४९ मध्ये संसदेने ते रद्द केले आणि १ जानेवारी १८५० पासून परदेशी जहाजांना ब्रिटिश साम्राज्याची बंदरं खुली झाली. इंग्लंडचा स्वतःचा किनारी व्यापार १८५४ मध्ये मोकळा झाला. तोवर इंग्लंडच जगातलं सर्वांत मोठं जहाजी राष्ट्र झालं होतं. त्याला आता कुंपणाची गरज राहिली नव्हती. गंमत नव्हे, वस्तुस्थिती म्हणून हेही नोंदवतो : खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता ॲडम स्मिथ याने १७७६ च्या आपल्या ग्रंथात नौकानयन कायद्याला पाठिंबा दिला होता. संपत्तीपेक्षा संरक्षण मोठं, असं त्याचं म्हणणं होतं.

विचार मात्र संपला नाही. अमेरिकेने १९२० च्या जोन्स कायद्याने आपल्या दोन बंदरांमधली मालवाहतूक अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकन मालकीच्या जहाजांसाठी राखली, आणि ती आजही तशीच आहे.

आपल्याकडे १९१९ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी नरोत्तम मोरारजी आदींबरोबर सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी उभी केली. त्याच वर्षी ५ एप्रिलला तिचं ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला. तेव्हा आपला किनारी व्यापार आपल्या जहाजांसाठी राखून ठेवा, असं विधेयक १९२८ मध्ये साराभाई हाजींनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडलं. ज्यांच्या पूर्वजांनी १६५१ चा कायदा केला होता, त्यांनीच या विधेयकाला भेदभाव म्हणून विरोध केला. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या व्यापारी नौकानयन कायद्याने परदेशी जहाजांना आपल्या किनारी वाहतुकीसाठी परवाना बंधनकारक केला. २०२५ मध्ये किनारी जहाजवाहतुकीचा नवा कायदा झाला, त्यातही परदेशी जहाजाला परवाना लागतोच.

मग १६५१ चा कायदा वाईट आणि १९५८ चा चांगला, असं म्हणायचं का? दोन्हींत आपल्या जहाजांना राखण आहे. फरक इतकाच की, १९५८ चा कायदा ज्यांना लागू झाला, त्यांनीच निवडून दिलेल्या संसदेने तो केला. तो बदलायचा असेल तर त्यांना मत देता येत होतं. व्हर्जिनियाच्या मळेवाल्याला, डब्लिनच्या विणकराला, रत्नागिरीच्या सारंगाला तो हक्क नव्हता आणि जमैकाच्या गुलामाला तर कुठलाच हक्क नव्हता. राखण करणारा कायदा हा मुळात अन्याय नसतो. ज्यांच्या पोटावर तो पडतो त्यांना मोजणीतून वगळून तो केला, की अन्याय होतो. म्हणून ‘आपली जहाजं, आपला माल’ असा कायदा जिथे कुठे दिसेल, तिथे त्यातल्या ‘आपल्या’ माणसांच्या यादीत कोण आहे आणि कोण नाही, ते आधी तपासा.